टीचर, उनों करे क्या?

11 नोव्हेंबरला मौलाना आझादांची जयंती असते. राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून आमच्या उर्दू शाळेत त्या दिवशी मुलींची भाषणं होतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे भाषणं लिहून देण्याचं काम आपोआप माझ्याकडं येतं. सतरा-अठरा वर्षं झाली. त्यातलं एक भाषण ठरलेलं आहे: मुस्लिम शास्त्रज्ञ. इब्न सीना, अल-ख्वारिज्मी, इब्न अल-हैथम, मग एकदम विसाव्या शतकात उडी मारून अब्दुस सलाम, अहमद झेवैल, आणि शेवटी टाळ्यांसाठी आपले कलाम साहेब. मधल्या आठ-नऊशे वर्षांचं काय झालं, हे कुणी विचारत नाही आणि मीही लिहीत नाही.

सलाम यांचं नाव घ्यावं की नाही यावर स्टाफरूममध्ये दरवर्षी कुजबुज होते. ते अहमदिया जमातीचे. 1979 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या या माणसाच्या कबरीच्या दगडावरून पाकिस्तानात 'मुस्लिम' हा शब्द पुसला गेला. मी नाव ठेवते. कुणी काढायला सांगितलंच तर मौलाना आझादांच्या जयंतीला हे शोभेल का, एवढं विचारते. पुढं कुणी बोलत नाही.

झेवैल यांच्याबद्दल मात्र वाद नसतो. मिसरचे, सुन्नी घरातले, 1999 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्यानं मिळवलेले. भाषणात त्यांच्यासाठी माझी दोन वाक्यं ठरलेली होती. गावाचं नाव, वर्ष, 'पूरी उम्मत का सर फख्र से बुलंद हुआ', टाळ्या. उर्दूत लिहिताना जेर-जबर कुणी घालत नाही, म्हणून मी स्वतः ते नाव कित्येक वर्षं 'झवील' असं वाचत होते आणि मुलींकडून तसंच वदवून घेत होते.

दोन वर्षांपूर्वी भाषणं संपल्यावर नववीतली एक मुलगी माझ्या मागे मागे आली. वर्गात फारशी न बोलणारी, मराठीच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी. म्हणाली, "टीचर, वो झवील साब. उनों करे क्या?"

म्हणजे, त्यांनी केलं काय?

मी म्हटलं, "बेटा, केमिस्ट्री में रिसर्च करे."

"हां, मगर करे क्या?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या नावावर मी टाळ्या घेत होते, त्यानं काय केलं ते मला माहीत नव्हतं. "कल बताती" म्हणून मी तिला वाटेला लावलं.

इथं माझं थोडं सांगायला हवं. दहावीला मला सायन्समध्ये चांगले मार्क होते. आमच्या गावात उर्दूतून अकरावी होती, पण फक्त आर्ट्सची. सायन्स करायचं तर तालुक्याला, इंग्रजीतून, रोज एसटीनं. अब्बा वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, आर्ट्स कर, बीएड कर, टीचर होशील, कुणापुढं हात पसरावा लागणार नाही. तसंच झालं. मी टीचर झाले आणि कुणापुढं हात पसरला नाही. त्यामुळे तक्रार करायला तोंडही नाही. पण सायन्सचं पुस्तक तेव्हा मी असं काही मिटलं की पुढं पंचवीस वर्षं उघडायची हिंमत झाली नाही. त्या मुलीच्या प्रश्नानं मला शरम वाटली त्याचं अर्धं कारण हे होतं.

त्या रात्री इशानंतर मोबाइल घेऊन बसले. 'कल'चे तीन आठवडे झाले. आमच्या सायन्सच्या सरांना इतक्या वेळा छळलं की ते म्हणाले, मॅडम, आता तुम्हीच माझा पिरियड घ्या.

मला कळलं ते असं.

रसायनशास्त्राच्या पुस्तकात बाण असतो. डावीकडं अमुक, उजवीकडं तमुक, मध्ये बाण. लाकूड जळालं, लोखंड गंजलं, दूध नासलं, सगळ्याला तोच बाण. बाणाच्या डावीकडचं काय ते ठाऊक होतं, उजवीकडचं ठाऊक होतं. पण बाणाच्या आत काय होतं? जुना बंध तुटतोय आणि नवा अजून जुळलेला नाही, त्या मधल्या अवस्थेत अणू कुठं असतात? याला मराठीत संक्रमण अवस्था म्हणतात, उर्दूत उबूरी हालत. 1930 च्या दशकात शास्त्रज्ञांनी कागदावर तिचं गणित मांडलं होतं. पण ती अवस्था घडताना कुणी पाहिली नव्हती, कारण ती फार थोडा वेळ टिकते.

किती थोडा? आपल्याकडं लहान वेळेला शब्द कमी नाहीत. क्षण, पळ, लम्हा, आन. निमिष म्हणजे पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. उर्दूत आपण पलक झपकते म्हणतो. पण पापणी लवायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी लागतोच. रेणूच्या हिशेबानं हे युग झालं. अणू साधारण सेकंदाला एक किलोमीटर या वेगानं हलतात, आणि बंध तुटायला त्यांना जे अंतर जायचं असतं ते अणूच्याच आकाराएवढं. हिशेब केला की वेळ येतो शंभर-दोनशे फेम्टोसेकंद. फेम्टो हा शब्द डॅनिश-नॉर्वेजियन भाषांतल्या 'पंधरा'वरून आला आहे. एकावर पंधरा शून्यं दिली की जी संख्या होते, तितके तुकडे एका सेकंदाचे केले तर त्यातला एक तुकडा म्हणजे फेम्टोसेकंद. एका फेम्टोसेकंदापुढं एक सेकंद जेवढा मोठा, तेवढीच एका सेकंदापुढं सुमारे 3 कोटी 20 लाख वर्षं.

एवढ्या वेळेचा कॅमेरा कुठून आणायचा? पंखा मोबाइलच्या कॅमेऱ्यात कधी थांबल्यासारखा दिसतो, ते मुलींना माहीत असतं. फिरणाऱ्या वस्तूवर प्रकाश फार थोडा वेळ पडला की ती थांबलेली दिसते. रेणूला थांबवायला प्रकाशही तितकाच आखूड लागतो. 1967 मध्ये आयगेन, नॉरिश आणि पोर्टर यांना वेगवान रासायनिक क्रियांच्या अभ्यासासाठीच नोबेल मिळालं होतं. नॉरिश आणि पोर्टर यांनी प्रकाशाचे झोत वापरले होते, पण ते फेम्टोसेकंदांच्या हिशेबात फारच लांब होते. पुढं लेझर आले, आणि 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये शंभर फेम्टोसेकंदांहूनही आखूड झोत तयार होऊ लागले. म्हणजे कॅमेऱ्याचा दिवा झेवैल यांनी शोधला नाही. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथं, कॅलटेकमध्ये, त्यांनी तो रेणूंवर लावला. प्रयोगशाळेला नाव पडलं फेम्टोलँड.

प्रयोग दोन झोतांचा. पहिला झोत रेणूला धक्का देतो. तिथून क्रिया सुरू. दुसरा झोत थोड्या वेळानं येतो आणि त्या क्षणी रेणू कसा आहे ते टिपतो. मग पुन्हा नवे रेणू, पुन्हा पहिला झोत, आणि दुसरा किंचित आणखी उशिरा. असं हजारो वेळा. ते सगळे तुकडे जोडले की सिनेमा. खरं म्हणजे सिनेमाही नाही, कागदावर चढणारी-उतरणारी एक रेघ. ती वाचता यावी लागते.

मी अडकले ते पुढं. दोन झोतांमध्ये दहा फेम्टोसेकंदांचं अंतर ठेवायचं कसं? तेवढं मोजणारं घड्याळ कुणाकडं आहे? सरांनी वहीत एक आकृती काढली आणि मी खुर्चीतून उठलेच. घड्याळ लागतच नाही. एकाच झोताचे दोन भाग करतात आणि दुसऱ्याला थोडा लांबच्या रस्त्यानं पाठवतात. आरसा मागं सरकवला की रस्ता लांबतो. प्रकाश एका फेम्टोसेकंदात 0.3 मायक्रॉन जातो. आरसा एक मायक्रॉन मागं नेला तर जाण्या-येण्याचे दोन मायक्रॉन वाढतात आणि झोत साडेसहा-पावणेसात फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. वेळ मोजायची ती अंतरानं, फुटपट्टीनं म्हणा. आपण नाही का म्हणत, घर शाळेपासून दहा मिनिटांवर आहे.

हे मी मुलींना मैदानात करून दाखवलं. मराठीचा तास होता, हे हेडमास्तरांना कळू नये. दोन मुली एकाच वेगानं चालायला लावल्या, एक सरळ भिंतीकडं आणि दुसरी लिंबाच्या झाडाला वळसा घालून. दुसरी किती पावलं उशिरा आली ते बाकीच्यांनी मोजलं. मग ती म्हणाली, "टीचर, झाड पीछे सरकाए तो और लेट." झाडाऐवजी मीच जाऊन उभी राहिले आणि एकेक पाऊल मागं सरकत गेले.

तोपर्यंत त्यांचं नाव झेवैल आहे, हेही मी कबूल करून टाकलं होतं.

1987 मध्ये झेवैल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आयोडीन सायनाइडचा बंध तुटताना असा पाहिला. रेणूत एकीकडं आयोडीन आणि दुसरीकडं कार्बन-नायट्रोजनची जोडी. पहिल्या झोतानं दोघं दूर जाऊ लागतात. सुटी झालेली जोडी दुसऱ्या झोतात चमकते. सुमारे दोनशे फेम्टोसेकंदांत खेळ आटोपतो. माणसाचा एक केस आडवा ओलांडायला प्रकाशाला जेवढा वेळ लागेल, जवळजवळ तेवढ्यात.

मला जास्त आवडला तो दुसरा प्रयोग, सोडियम आयोडाइडचा. हा रेणू मिठाच्याच घराण्यातला. झोत पडल्यावर सोडियम आणि आयोडीन दूर जातात, पण लगेच तुटत नाहीत. परत येतात, पुन्हा जातात. एका फेरीला साधारण हजार-बाराशे फेम्टोसेकंद. दर फेरीत एका ठरावीक अंतरावर काही जोड्या कायमच्या सुटतात, उरलेल्या माघारी फिरतात. अशा सुमारे दहा फेऱ्या प्रयोगात दिसल्या. रुसून माहेरी जाणाऱ्या आणि दर वेळी परत येणाऱ्या सुना आपल्या सगळ्यांच्याच मोहल्ल्यात आहेत. एखादी एकदा परत येत नाही. तुटणं हे एका झटक्यात होतं, असं मी धरून चालले होते.

आणि एक, झेवैल यांचं नाही, पण त्याच तंत्राचं. आपल्या डोळ्याच्या पडद्यात रेटिनल नावाचा रेणू असतो, 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला. अंगणवाडीत मुलांना ज्याचा डोस पाजतात तेच जीवनसत्त्व. ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो. प्रकाश पडला की हा वाकडा रेणू सरळ होतो, आणि दिसण्याची सुरुवात तिथून होते. 1991 मध्ये बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी फेम्टोसेकंद लेझरनं मोजलं तेव्हा या पहिल्या पायरीलाही सुमारे दोनशे फेम्टोसेकंदच लागतात असं दिसलं. प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, डोळ्यातून वस्तूकडं जात नाही, हे इब्न अल-हैथम यांनी अकराव्या शतकात काहिऱ्यात मांडलं होतं. माझ्या भाषणात ते इतकी वर्षं यादीत होते, नुसते 'बाबा-ए-बसरियात' म्हणून. त्यांनी काय केलं तेही मी तेव्हाच पहिल्यांदा नीट वाचलं.

झेवैल यांनी नोबेलच्या वेळी लिहिलेलं आत्मकथन इंटरनेटवर आहे. 1946 चा जन्म दमनहूरचा, बालपण दसूक या लहान गावात गेलं. सय्यदी इब्राहीम यांच्या मशिदीजवळ घर. रमजानमध्ये मुलं तिथं अभ्यासाला बसत. तीन बहिणींत एकटा भाऊ. घरच्यांनी त्यांच्या अभ्यासाच्या खोलीच्या दारावर 'डॉक्टर अहमद' अशी पाटी लावली होती. लहानपणी त्यांनी आईच्या कॉफीच्या बर्नरवर काचेच्या नळ्या लावून लाकडाचं काय होतं ते पाहायचा उद्योग केला होता, घर पेटायची भीती होती तरी. 1967 मध्ये इस्कंदरियातून पदवी घेतली. मिसर युद्ध हरला ते हेच वर्ष. 1969 ला अमेरिकेत गेले, इंग्रजीची अडचण घेऊन.

हा कॉफीच्या बर्नरचा किस्सा मी वर्गात सांगितला आणि चूक केली. दुसऱ्या दिवशी तिची अम्मी शाळेत हजर. पोरीनं काचेच्या बाटलीत काड्या भरून बाटली गॅसवर धरली होती. बाटली तडकली, ओढणीला भोक पडलं. मला रागावून झाल्यावर बाई जाता जाता म्हणाल्या, "आणि तुम्ही मराठी शिकवता ना?"

त्यांचं बरोबर होतं. पण पोरीला बाटली गॅसवर धरावी लागली, कारण शाळेतल्या लॅबच्या कपाटाला कुलूप असतं. तिनं सामान मागितलं असतं तरी किल्ली सापडली नसती. तेव्हा हे मी बाईंना सांगितलं नाही, नुसती माफी मागितली.

झेवैल 'आपले' होते की नाही, यावर मी बराच विचार केला. लेझर अमेरिकेतला, प्रयोगशाळा अमेरिकेतली, विद्यार्थी जगभरचे. फेम्टोलँड दसूकमध्ये झालं नाही आणि तेव्हा होऊही शकलं नसतं. त्यांना स्वतःला हे टोचत असावं. नोबेलनंतर लगेच, 2000 च्या सुरुवातीला, मिसरमध्ये विज्ञाननगरीची पायाभरणी त्यांच्या पुढाकारानं झाली. मग दहा-अकरा वर्षं ती तशीच पडून राहिली, आणि 2011 च्या क्रांतीनंतर कुठं हलली. 2016 मध्ये ते अमेरिकेत वारले आणि दफन मिसरमध्ये झालं. एवढं वाचल्यावर 'उम्मत का सर बुलंद' लिहायला माझा हात उचलेना. अभिमानाची सोय अशी की त्याला काही समजावं लागत नाही. मी सतरा वर्षं ती सोय वापरली आणि मुलींनाही दिली. त्या दोन वाक्यांमुळं एकही मुलगी सायन्सकडं वळल्याचं मला आठवत नाही.

गेल्या वर्षी 11 नोव्हेंबरला यादी नव्हती. तीच मुलगी, आता दहावीत, दोन झोतांवर उर्दूत सात मिनिटं बोलली. दोन मैत्रिणींना स्टेजवर चालायला लावलं. टाळ्या कमी पडल्या, खरं सांगते. नंतर एक ट्रस्टी मला म्हणाले, भाषण छान होतं, पण त्यात आपल्या कौमचं काही आलं नाही.

यंदा जूनमध्ये तिचे अब्बा टीसी न्यायला आले. गॅरेजमध्ये काम करतात. हात धुऊन आले होते तरी नखांत काळं होतं. मार्क चांगले आहेत. अकरावी सायन्स तालुक्याला, इंग्रजीतून, एसटीनं पाऊण तास. आमच्या गावात अजूनही तेच, पंचवीस वर्षांत बस तेवढी बदलली. ते म्हणाले, "टीचर, तुम बोलो. आर्ट्स लिए तो तुम्हारे जैसी बनेगी. सायन्स में इंग्लिश नै जमी तो?"

माझ्यासारखी बनेल, हे ते कौतुकानं म्हणत होते.

मी जमेल असं म्हटलं नाही. मला ते माहीत नाही. उर्दूतून दहावी झालेल्या आमच्या मुली अकरावीत भाषेवर अडतात आणि बारावीला परत येतात, हे मी पाहिलेलं आहे. मी एवढंच म्हटलं की शनिवारी दुपारी तिला माझ्याकडं पाठवा. सायन्स मला येत नाही. शब्द मी बघते. ते थोडा वेळ उभे राहिले. मग फॉर्म कुठं भरायचा ते विचारलं.

आता आमच्याकडं एक वही आहे. तीन रकाने: इंग्रजी, उर्दू, मराठी. पहिले दोन शनिवार बरे गेले. तिसऱ्याला अणुरचनेच्या धड्यात 'डीजनरेट ऑर्बिटल्स' आले. माझ्या इंग्रजी-उर्दू डिक्शनरीत अर्थ निघाला: बिगडा हुआ, गिरा हुआ, बदचलन. ती हसून हसून लोळली. ऑर्बिटल बदचलन कसं असेल? सायन्सच्या सरांना फोन लावला, ते कुठल्याशा लग्नाच्या वरातीत होते, नुसता बँड ऐकू आला. मग इंग्रजी पुस्तकातली व्याख्याच तिनं तीनदा मोठ्यानं वाचली, आणि तिसऱ्या वेळी म्हणाली, "टीचर, ये तो सिर्फ बोल रहे कि सबकी एनर्जी एक जैसी है."

उर्दूच्या रकान्यात तिनं लिहिलं 'हम-तवानाई'. मराठीचा रकाना अजून रिकामा आहे.